गंज वेगळा, गुंड वेगळा

मायचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. मूर्तिजापूर तालुक्यात, लाखपुरीच्या अलीकडे, पूर्णेच्या काठावरचं एक खेडं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. वर काळी, खोल, कापसाला मानवणारी जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण त्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिलं तर रान चोपण होतं. तिथं वाढलेल्या बाईला 'पाणी' हा एकच शब्द कसा पुरणार?

मायला तो पुरत नव्हता. तिच्या लेखी पाणी खारं असे, मचूळ असे, बरं असे नाहीतर गोड असे. खारं म्हणजे ज्याला ढोरंही तोंड लावत नाहीत ते. मचूळ भांड्याला, धुण्याला चाले, आणि उन्हाळ्यात वेळ आलीच तर घशाखालीही उतरे. बरं म्हणजे घरच्यांनी प्यायचं, पाहुण्यापुढे ठेवायचं नाही. आणि गोड पाणी नदीच्या वाळूत झिरा करून वाटीवाटीनं भरायचं. झिऱ्यातलं पहिलं पाणी गढूळ, ते उपसून फेकायचं, दुसरं येईपर्यंत दम धरायचा. घरी आणल्यावर ते फडक्यातून ओतलं तर गाळलं, ठेवून देऊन वरचं वरचं अलगद काढून घेतलं तर नितारलं. धुतलेली भाजी टोपल्यात ठेवली की तिचं पाणी निथळतं. या तीन क्रियांची गल्लत कुणी केली तर माय हातातलं काम थांबवी. "गाय म्हनलं होतं मी. तू नितारून रायला."

लग्न होऊन ती अमरावतीला आली, खोलापुरी गेटच्या आतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. अंगणात नगरपालिकेचा नळ होता. पहिल्या दिवशी दाळ पाहता पाहता फुटली, तेव्हा तिनं सासूला विचारलं होतं, "यात सोडा टाकला का जी आत्याबाई?" ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की तो प्रसंग मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो.

माय चौथी शिकली होती. शुद्धलेखनाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. आपलं वऱ्हाडी बोलणं शहरात कुणाला गावंढळ वाटेल याचीही तिला फिकीर नसे. दुसऱ्याचं बोलणं ती चारचौघांत कधी सुधारत नसे. तिचा आग्रह एवढाच, की घरातल्या वस्तूला, कामाला आणि बिघाडाला आपापलं नाव मिळावं. लहानपणी मला हा तिचा छंद वाटे. त्याचं मूळ कुठे आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मायची आई, म्हणजे माझी आजी, गावातल्या एका मोठ्या वाड्यावर दळण-कांडण करायची. मजुरी दाण्यांत मिळे आणि ती कामाच्या नावावर ठरे. ज्वारी दळायची मजुरी वेगळी, तुरी भरडायची वेगळी, तिखट कुटायची वेगळी. धान्य पाखडून देणं हे एक काम. सूप वर-खाली केलं की हलकं ते बाहेर उडतं. घोळून देणं हे दुसरं. सूप आडवं फिरवलं की जड ते एका अंगाला जमतं. निवडून देणं हे तिसरं, ते डोळ्यांनी आणि बोटांनीच व्हायचं. वाड्यावरची कारभारीण या सगळ्याला 'साफ करणं' म्हणे, आणि एका नावाखाली तीन कामं उरकून घ्यायला पाही. आजी शांतपणे सांगे, "पाखडून देलं बाई. घोयनं बाकी हाये." म्हणजे त्याचं माप वेगळं पडेल. माय तेव्हा आजीच्या पदराला धरून उभी असायची. शब्द ढिला पडला की पदरात दाणे कमी पडतात, हे तिनं तिथं पाहिलं. त्यामुळे शब्दांबाबतचा तिचा काटेकोरपणा हौसेचा नव्हता, निदान सुरुवातीला तरी नव्हता. पुढे पोटाची चिंता मिटली आणि त्याच काटेकोरपणात तिला गोडी वाटू लागली. संध्याकाळी ओट्यावर बसली की शेजारणींना ती आपणहून विचारी, "खडे वेचले म्हनतं, तांदूय निवडले म्हनतं. हात तर एकच, मंग दोन शब्द काहून?" आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच सांगे, की वेचले ते खडे, त्यांना उचललं, निवडले ते तांदूळ, त्यांना हातही लागला नाही.

घर गरिबीचंच होतं. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांवर पांढरा भुरका बसलेला असे. आम्ही पोरं ओरडायचो, "बाबा, कापूस लागला!" माय म्हणे, "कापूस नोहे बाप्पा, रुई हाये थे. कापसात सरकी असते." शेतातून वेचून येतो तो कापूस, जिनातून निघते ती रुई, वेगळी होते ती सरकी, शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, आणि तीच वाळून आमच्या चुलीत येते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला यात नवं काही नाही. पण आम्ही शहरातली पोरं होतो, आणि गावाशी असलेलं नातं मायनं या शब्दांच्या वाटेनं आमच्यात टिकवलं.

तिची मी सगळ्यात जवळून पाहिलेली गोष्ट म्हणजे कपड्यांची. शाळेतून येऊन मी म्हणालो, "माय, सदरा फाटला," की ती लगेच सुई-दोरा काढायची नाही. सदरा हातात घ्यायची, दारात उजेडाला न्यायची, दोन्ही अंगठ्यांनी ती जागा ताणायची आणि मला पुढे ओढून दाखवायची. "पाय. सूत तुटलं का टाका तुटला?" टाका तुटला असेल तर सदरा उसवला. सूत तुटलं असेल तर फाटला. आणि ताणल्यावर पलीकडचं तिचं बोट धूसर दिसू लागलं, तर तो विरला. मग निकाल एका दमात यायचा: "उसवलं त्याले टाका. फाटलं त्याले ठिगय. विरलं त्याची गोधडी." विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं तर ते ठिगळाच्या कडेनं पुन्हा फाटतं, दोरा जातो आणि वेळही जातो. साडी मधोमध विरली तर तेवढा पट्टा कापून काढायचा आणि दोन्ही बाजूंच्या धडक्या कापडाची जोड द्यायची, त्याला ती दंड घालणं म्हणे. म्हणजे बिघाडाचं नाव घेतलं की पुढचं काम त्या नावातच सांगितलेलं असे. मायचे बारीकसारीक भेद एवढ्यासाठीच होते, असं मला आज वाटतं. नाव चुकलं की इलाज चुकतो, आणि चुकलेल्या इलाजाचा खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता.

अन्नाचंही तसंच. दूध फाटलं आणि दूध नासलं यांत तिच्या लेखी मोठं अंतर. फाटलेल्या दुधात साखर घालून ते आटवायचं, आम्ही पोरं त्याची वाट पाहत असू. नासलेलं मात्र मोरीत. तळाला चिकटलं तर दूध लागलं, भाकर तव्यावर राहिली तर करपली, आणि बोट तव्याला टेकलं तर पोळलं. वरण विटतं, पीठ आंबतं, शेंगदाणे खवट होतात, लोणच्याला बुरशी येते. आणि शिळी भाकर? ती शिळी असते, वाईट नसते. सकाळी तिच्यावर तेल-तिखट घालून माय आमच्या पुढ्यात ठेवी. एखाद्या पाहुण्या पोरानं नाक मुरडून "खराब झाली" म्हटलं तर ती त्याला रागवत नसे. भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरी. "वास घे. खराब वास येते का? नाही ना. मंग शियी म्हन." आपल्याकडे आज 'खराब' या एका शब्दात सगळं ढकललं जातं आणि मग सगळंच फेकलं जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

गाडगेबाबांविषयी बोलताना माय खराट्यापासून सुरुवात करी. बाबांचा जन्म १८७६ सालचा, शेंडगावचा. लहानपण मामाकडे मूर्तिजापूर तालुक्यात गेलेलं, म्हणजे मायच्या माहेरच्याच मुलखात. वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला आणि अमरावतीत त्यांची समाधी झाली. लोक त्यांना कुठे चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडेबुवा, कुठे गाडगेबाबा. एका माणसाला घरातल्या टाकाऊ वस्तूंवरून इतकी नावं मिळाली, याचं मायला फार अप्रूप. कुणी कीर्तनकार किंवा शाळामास्तर 'बाबांनी हाती झाडू घेतला' असं म्हणाला की घरी आल्यावर ती आम्हाला सांगे, "झाडू नोहता. खराटा होता." तिचं म्हणणं असं, की केरसुणी घरातली, दिवाळीत लक्ष्मी म्हणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. खराटा आंगणाबाहेरचा, रस्त्याचा, गोठ्याचा. त्याला कुणी हळदकुंकू लावत नाही. ज्याची पूजा होत नाही ते उचलून बाबा गावोगाव फिरले. मी बाबांवर पुस्तकं वाचली आहेत, भाषणंही ऐकली आहेत. खराटा आणि केरसुणी यांतल्या फरकावरून त्यांचं काम मला जेवढं समजलं, तेवढं त्या पुस्तकांतून समजलं नाही.

वाड्यातल्या दोन भावांची वाटणी मला चांगली आठवते. मी तेव्हा मॅट्रिकच्या आसपास असेन. घर वाटलं गेलं, शेत वाटलं गेलं, आणि भांड्यांवर येऊन सगळं अडलं. कुणीतरी कागदावर लिहिलं होतं, 'पितळी भांडी लहानमोठी'. एवढ्या तीन शब्दांवरून दोन्ही जावा तीन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी त्या घरातल्या म्हातारीनं मायला निरोप धाडला. माय गेली, ओसरीत बसली, सगळी भांडी समोर मांडायला लावली. आणि एकेक हातात घेऊन नाव सांगत गेली. हा गंज, उभ्या अंगाचा, सपाट बुडाचा. हा गुंड, पाण्याचा. ही कळशी, गुंडाहून लहान. हे कोपर, ही परात. हा सराटा, हा झारा. मी शेजारी बसून लिहीत होतो.

नावं झाल्यावर तिनं दुसरी फेरी धरली, आणि ती खरी महत्त्वाची होती. प्रत्येक भांडं ती उजेडाला तिरपं करून काठाखाली पाही. तेव्हा पितळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालायची पद्धत होती. कासाराकडून छोट्या छिन्नीनं ठोकून घेतलेली ती अक्षरं. कुठे वडिलांचं नाव, कुठे मुलीचं, कुठे देणाऱ्या मामाचं. माय ते बोटानं चाचपून वाचायची आणि भांडं डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. धाकट्या जावेचा गुंड आणि दोन गंज तिनं वेगळे काढले तेव्हा थोरलीनं विचारलं, "हे काहून वेगळं?" माय म्हणाली, "हे आंदन हाये बाई. आहेर नोहे." थोरली म्हणाली, लग्नातच आलं ना सगळं? मायनं तिला समजावलं, "आहेर घराले येते. आंदन पोरीसंगं येते. आहेर वाटा. आंदनाले हात लावाचा नाही." मग थोरलीचंही आंदण तिनं तसंच नावं वाचून बाजूला काढलं, त्यात तिची एक परात निघाली जी धाकटी आपली समजत होती. उरलेलं वाटायला दुपार पुरली. कायद्यात स्त्रीधनाला जागा आहे, पण त्या ओसरीत कायद्याचं पुस्तक नव्हतं. तिथं दोन जुने शब्द माहीत असलेली एक बाई होती, आणि तेवढ्यानं एका सुनेची वस्तू तिच्यापाशी राहिली.

पुढे मी अकोला जिल्ह्यात तलाठी झालो. वाशीम तेव्हा अकोल्यातच होतं. ते वेगळं झालं १९९८ ला. बडनेऱ्याहून गाडीत बसायचं, मूर्तिजापूर ओलांडायचं, अकोल्याला उतरून एसटीनं सज्जावर. शनिवारी-रविवारी घरी आलो की माय विचारी, "काय लेहलं या हप्त्यात?" तिला सातबाऱ्यात रस नव्हता. पंचनाम्यात होता.

पूर्णेला पूर आला की काठच्या गावांत घरोघर फिरून पंचनामे करावे लागत. नमुन्यात पडझडीला दोन रकाने: पूर्ण आणि अंशतः. मातीच्या भिंती पाहताना मला मायचे शब्द आठवत. भिंत खचली म्हणजे पायापाशी बसली. ढासळली म्हणजे वरून गळून पडली. कलली म्हणजे एका अंगाला झुकली. तडा गेला तो वेगळा. आणि फुगली म्हणजे आत पाणी मुरून तिचं पोट बाहेर आलं. दिसायला उभी, पण कधी अंगावर येईल याचा नेम नाही. "फुगल्या भितीखाली कोनाले निजू देऊ नोको," हे मायनं मी पहिल्यांदा पुराच्या कामाला निघालो तेव्हाच सांगितलं होतं. मी शेऱ्यात तसं लिहायचो, 'भिंत उभी परंतु फुगलेली, राहण्यास अयोग्य', आणि कोतवालाला सांगून त्या घरातली माणसं शाळेत हलवायचो. वरचे साहेब कधी विचारत, फुगलेली म्हणजे काय? मी त्यांना भिंतीपाशी नेऊन हात लावायला सांगे.

एका पुरातली एक म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही. घरात कमरेएवढा गाळ. कपडे आणि भांडी यांसाठी सरकारची ठरलेली रक्कम होती. काय गेलं त्याची यादी केली काय, न केली काय, रकमेत फरक पडणार नव्हता. सोबतचे पंच थकले होते. ते म्हणाले, 'संसारोपयोगी भांडी' लिहा आणि पुढच्या घरी चला. मी म्हातारीला विचारलं, "काय काय गेलं, आजी?" ती आधी नुसती बघत राहिली. मग सांगू लागली. एक गंज गेला. गुंड सापडला, पण बुडाशी फुटला. उतरंड पूर्ण गेली. सूप गेलं. चाटू गेला. मी लिहीत होतो. शेवटी ती म्हणाली, "अन् माही काठवट गेली." मी 'काठवट, लाकडी, १' असं लिहिलं. ती जवळ सरकली, कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "लेहलं का काठवट?" तिला वाचता येत नव्हतं. मी तो शब्द तिला बोटानं दाखवला. तेव्हा तिनं अंगठा पुढे केला. पैसे जेवढे मिळायचे तेवढेच मिळाले. पण तिच्या हाताखाली झिजलेली काठवट, जिच्यात तिनं जन्मभर भाकरीचं पीठ मळलं, ती 'संसारोपयोगी भांडी' या दोन शब्दांत बुडाली नाही. मायकडून मी जे शिकलो, ते त्या दिवशी माझ्या कामाला आलं असं मी मानतो. त्या शनिवारी मी ती यादी मायला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सुपाले नवं घेता येते. काठवटीले वर्सं लागते."

अकोल्यात असतानाच ग्रंथालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाती आला. १९३२ ते १९३८ या काळात पुण्याहून निघालेले ते सात जाडजूड खंड. मी मायचे शब्द त्यात हुडकू लागलो. कितीतरी सापडले, आणि काहींपुढे कंसात 'व.' अशी खूण होती, म्हणजे वऱ्हाडी. मी हरखून घरी आलो आणि मायला सांगितलं, तुझे शब्द पुण्याच्या पुस्तकात छापलेत. तिला कौतुक वाटलं, पण तिचा प्रश्न निराळाच होता. "त्याइले कोनं सांगतलं?" कुणीतरी बाईनंच सांगितलं असेल, याबद्दल तिला शंका नव्हती. गंज आणि गुंडातला फरक पुस्तक लिहिणाऱ्या पुरुषाला कुठून ठाऊक असणार? त्या बाईचं नाव पुस्तकात आहे का, असं तिनं विचारलं. माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हतं.

तिला मी पुष्कळ वाचून दाखवलं. उद्धव शेळक्यांची 'धग' आणली तेव्हा पहिल्या पानाच्या आधी ती नावावरच थांबली. १९६० ची ही कादंबरी आमच्याच जिल्ह्यातल्या लेखकाची, आमच्याच बोलीतल्या माणसांची. कौतिक नावाच्या बाईची आणि तिच्या संसाराची. माय म्हणाली, "झय नाही ठेवलं नाव, आच नाही ठेवलं. धग ठेवलं." मी विचारलं, फरक काय? ती म्हणाली, "आच चुलीची असते, कमी-जास्त करता येते. झय येते अन् जाते. धग ठरते." अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना, दुपारी रस्त्यावर गालाला लागते ती झळ, आणि रात्री दहा वाजता घराच्या भिंतीतून बाहेर येत राहते ती धग. पुस्तक वाचून संपल्यावर तिनं एवढंच म्हटलं की लेखकानं नाव बरोबर ठेवलं. त्या कादंबरीवर लिहिलेलं मी पुढे बरंच वाचलं, पण माझ्या मनात तिच्या नावाचा अर्थ मायनं लावला तोच आहे.

माय जुन्याला चिकटून बसणारी होती असं कुणी समजू नये. कुकर आला तसा तिनं घेतला, स्टीलची भांडी आली तशी घेतली. मिक्सर आल्यावर पाटा-वरवंटा कोपऱ्यात उभा राहिला, त्याची तिला खंत नव्हती. गुडघ्यांना आराम मिळाला म्हणून ती खूशच होती. फक्त सून म्हणाली, "चटणी वाटली," तर ती हळूच म्हणे, "फिरवली म्हन व बाई. वाटली असती तं चव वेगयी असती." आणि पाहता पाहता घरात 'फिरवणं' रुळलं. नव्या यंत्राच्या कामाला तिनं नवा शब्द दिला, जुना मोडीत काढला नाही, नव्यावर लादलाही नाही. भाषा जपणं म्हणजे काय, याची याहून सरळ रीत मला माहीत नाही.

शेवटच्या आजारात एक तरुण डॉक्टर तिला तपासायला येत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आजी, कुठे दुखतं?" ती म्हणाली, "दुखत नाही. ठणकते." डॉक्टर लिहू लागले तर ती पुढे सांगू लागली, की सकाळी ठणकतं, रात्री कळ येते, आणि कूस बदलली की चमक निघते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ठणका आणि कळ यांत काय फरक, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मायच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हुशारी आली. ठणका ठोक्यासारखा, थांबून थांबून, पण जागा न सोडणारा. कळ एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे जाणारी. चमक म्हणजे विजेसारखी, आली नि गेली. डॉक्टर रोज येऊन आधी विचारत, "आज ठणका की कळ?" औषधाची वेळ त्यांनी तिच्या उत्तरावरून बदलली. त्या डॉक्टरांचंही ऋण माझ्यावर आहे. माझ्या मायचं ऐकून घेतल्याचं.

ती गेल्यावर वर्षभरानं तिची भांडी वाटायला आम्ही भावंडं बसलो. थोरली बहीण अकोल्याहून आली, धाकटी परतवाड्याहून. मी मायच्याच पद्धतीनं नावं लिहीत होतो. एका पितळी भांड्यावर थोरली म्हणाली, "कोपर लिही, दादा." धाकटी म्हणाली, "कोपर कसं? काठ तर बाहेर गेला. परात हाये." मायच्या लेखी उभ्या काठाचं ते कोपर, बाहेर कललेल्या काठाची ती परात. आम्ही भांडं जमिनीवर ठेवून काठाला चाटू उभा लावून पाहिला. अर्धा काठ सरळ, अर्धा कललेला. थोरलीला आठवलं, ते एकदा माळ्यावरून पडलं होतं. म्हणजे कोपरच, एका बाजूनं चेपलेलं. मी तसं लिहायला घेतलं तर धाकटीनं माझा हात धरला. चेपलं म्हणजे दोन्हीकडून दाबलं गेलं. हे एका जागी आत गेलंय, याला पोचा पडला म्हणतात. थोरलीनं बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. यादीत 'पितळी कोपर, पोचा पडलेलं, १' अशी नोंद झाली, आणि ते थोरली अकोल्याला घेऊन गेली.